सगळ्यालाच पाच चांदण्या

आसनगाव,
पौष सुरू झालाय

प्रिय दिपे,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? मला स्वतःलाच ते अनोळखी वाटलं. दिवसभर क्लासमध्ये कळफलक बडवून हाताची लिहायची सवयच गेलीय. नुसतं 'प्रिय' लिहिताना दोन कागद फुकट गेले. हे पत्र तुझी आई आणून देईल. संक्रांतीचे तिळाचे लाडू घेऊन ती तुझ्याकडे येतेय, त्याच पिशवीत हे घालून दिलंय. पोस्टाने टाकलं असतं तर दुकानात पोचलं असतं, आणि दुकानात आलेली पाकिटं भगीरथ भावजी फोडतात असं तूच मागे म्हणाली होतीस. त्यात त्यांचं काही वाकडं आहे असं मी म्हणत नाही. बिलं असतात, नोटिसा असतात. पण हे तू एकटीने वाचावंस असं मला वाटतं.

फोन का केला नाही म्हणशील. केला की! दिवाळीपासून करतेच आहे. फोन दुकानाच्या गल्ल्यावर असतो. आधी भावजी उचलतात, मग तुझ्याकडे देतात, मग तू म्हणतेस, "बरी आहे गं, सगळं चांगलंय, तू कशी आहेस," आणि तेवढ्यात कुणाला तरी सातबाऱ्याची झेरॉक्स हवी असते. मला एवढंच विचारायचंय की तू बरी आहेस का. एका ओळीचा प्रश्न आहे. पण एका ओळीत विचारलं की तू एका शब्दात उत्तर देऊन मोकळी होतेस, म्हणून आज चांगली चार-पाच पानं घालवून विचारणार आहे. मध्ये कंटाळा आला तर उठून चहा करून घे, पण शेवटपर्यंत वाच.

झालंय असं की आपल्या आत्याबाईंवर बालंट आलंय. 'वापरून पाहिलं' साइटच्या पुण्याच्या ऑफिसातून मेल आली. लिहिणारी कुणी बाई आहे, बोलते गोड. म्हणते, आत्याबाईंचे अभिप्राय लोक इतकी वर्षं डोळे मिटून मानत आले, पण मागच्या पावसाळ्यापासून तुम्ही दिसेल त्या वस्तूला पाच चांदण्या देताय. वाचकांच्या तक्रारी येताहेत की आत्याबाई कंपन्यांना विकल्या गेल्या. तेव्हा खातं तुमचंच आहे ना आणि लिहिता तुम्हीच ना, हे संक्रांतीच्या आत कळवा, नाहीतर नाइलाजाने बंद करावं लागेल. आणि खाली, जाता जाता विचारावं तसा आणखी एक प्रश्न. जुन्या लिहिणाऱ्यांना ती तो विचारतेय म्हणे. 'इतकी वर्षं एकही पैसा न घेता तुम्ही का लिहीत राहिलात?' पहिल्या प्रश्नाला उत्तर देता येईना, कारण 'तुम्ही' म्हणजे कोण हेच धड सांगता येईना. आणि दुसरा तर माझ्या डोक्यात असा बसलाय की भाजी चिरतानाही तोच. म्हणून म्हटलं, पहिल्यापासून आठवून बघावं, कुठे काय बिनसलं ते कदाचित सापडेल.

पहिल्यापासून म्हणजे तुझ्या आईच्या मिक्सरपासून. शहापूरला कॉम्प्युटर क्लासला जात होतो तेव्हाचं. तू शेणव्याहून एसटीने यायचीस, मी सापगावहून चालत, आणि क्लास सुटला की स्टँडमागच्या कॅफेत दोघींत मिळून एक तास घ्यायचो. खुर्ची एक, शेजारी स्टूल एक. स्टुलावर नेहमी मीच का, हे मला अजून कळलेलं नाही. तू शिकवण्यांच्या पैशातून कल्याणहून आईसाठी मिक्सर आणला होतास आणि पहिल्याच चटणीला त्याचं झाकण उडून तिच्या पदरावर हिरवा सडा पडला होता. दुकानदार बदलून देईना. तू इतकी तापली होतीस की कॅफेतला पंखा बंद करायला सांगत होतीस, आवाज नको म्हणून. तेव्हा ती साइट सापडली. लोकांनी वापरलेल्या वस्तूंबद्दल लोकांनीच लिहायचं, आवडेल तितक्या चांदण्या द्यायच्या. तू इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून तो मिक्सर असा सोलून काढलास की वाचून मीच त्या दुकानदाराची कीव केली. दुसऱ्या दिवशी बघतो तर सांगलीच्या कुणी बाईने लिहिलं होतं, 'वाचले हो आत्याबाई, उद्याच घेणार होते.' अख्खा तास आपण तेवढी एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली. शहापूरच्या पलीकडे आपल्याला ओळखणारं कुणी नव्हतं आणि सांगलीच्या बाईने आपलं ऐकलं होतं.

आत्याबाई हे नाव तुझंच. विशीतल्या पोरींचं कोण ऐकतं, आत्याबाईचं सगळे ऐकतात, म्हणालीस. एका माणसाला एकच खातं असा साइटचा नियम होता. आपल्याला वाटलं, एका खात्यावर माणसं किती असावीत याला थोडाच नियम आहे? रेशनकार्डावर नाही का घरातली सगळी नावं चालत? इतकी साधी चूक, पण आता ती बाई विचारतेय तेव्हा मला सांगायलासुद्धा लाज वाटतेय. आपण मात्र आत्याबाईंना कायदे घातले होते. जे वापरलं नाही त्यावर लिहायचं नाही. दुसरीनं लिहिलेलं पटलं नाही तर पुसायचं नाही, त्याच्याखाली 'पण' म्हणून आपलं लिहायचं. आणि पाच चांदण्या कुणालाही नाहीत. 'पाचवी चांदणी कारखानदाराच्या आईनं द्यावी,' हे तुझं वाक्य मी अजून क्लासच्या पोरींना ऐकवते. आत्याबाईंचा 'पण' तर पुढे इतका प्रसिद्ध झाला की लोक वरचं सोडून आधी तोच वाचायचे. एकच बाई स्वतःशीच भांडते आणि शेवटी खरं बोलते, असं त्यांना वाटायचं.

मग भगीरथ भावजींशी तुझं लग्न झालं आणि तू मुरबाडला गेलीस, मी संदेशशी लग्न करून आसनगावला आले. वर्षभर तू तिकडे गप्पच होतीस. मग भावजींच्या दुकानात कॉम्प्युटर आला, आणि एका दुपारी मी क्लासमध्ये साइट उघडली तर माझ्या कुकरच्या अभिप्रायाखाली 'पण' येऊन बसलेला. 'पण शिट्टी तिसऱ्या महिन्यात रुसते, तेव्हा तिला फोडणी दिल्यासारखं उकळत्या पाण्यात टाकावं.' मी हसले की रडले ते आठवत नाही. त्या दिवशी पोरींना टायपिंगचा धडा दोनदा दिला. तुला बाळ झाल्याचं मला तुझ्या आईच्या आधी आत्याबाईंनी सांगितलं, माहितेय? 'पाळणा मजबूत आहे. कड्या कुरकुरतात पण तेल घालू नये, त्या कुरकुरीनेच बाळ झोपतं.' चार चांदण्या. आणि माझं तिसऱ्या महिन्यात गेलं तेव्हा कुणाशी काही बोलायला होत नव्हतं. मी नुसतं शेकायच्या रबरी पिशवीवर लिहिलं, बूच गळतं एवढंच. संध्याकाळपर्यंत खाली तुझा 'पण' होता. 'पण पिशवी फार वेळ पोटावर ठेवू नये, आणि ती घेऊन एकटीने बसू नये.' किती लोकांनी ते वाचलं असेल, त्यांना काय कळलं असेल. मी उठून आईकडे सापगावला गेले आणि आठ दिवस राहिले. तुला मी याबद्दल कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर, दिपे.

तर मग त्या बाईचा प्रश्न. का लिहीत राहिलो? तिला वाटत असेल, साइट नावापुढे पेनाचं चित्र लावते, त्यासाठी. आधी तांब्याचं, मग चांदीचं, मग सोन्याचं. खोटं कशाला बोलू, सोन्याचं पेन आलं त्या दिवशी मी संदेशला स्टेशनवरून जिलबी आणायला सांगितली होती. त्याने आणली, खाल्ली, आणि विचारलं, हे पेन हातात कधी मिळणार? नाही मिळणार म्हटल्यावर बिचाऱ्याला काही कळेना. तुला त्या पेनाचं काडीचं कौतुक नव्हतं. मग मला वाटलं, लोक आभार मानतात म्हणून लिहितो. पण आभार तर कमी कमी होत गेले. पुढेपुढे लोक नुसतं बटण दाबून जायचे, तरी आपण लिहीतच होतो. मग वाटलं, हे भाताच्या आवणीसारखं आहे. आज तुमच्या शेतात आमच्या घरच्या बाया, उद्या आमच्या शेतात तुमच्या. कुणी मजुरी मागत नाही, मागितली तर तोंडात मारल्यासारखं होईल. कुणा परक्याने लिहिलं म्हणून मला बरा पंप मिळाला, तर मीही कुणासाठी चार ओळी लिहाव्यात. हे उत्तर मला दोन दिवस फार आवडलं होतं. तिला पाठवणारही होते. मग लक्षात आलं, आवणीला गेलेल्या बायकांना शेताचा चिखल नाही आठवत, शेजारी कोण वाकली होती ती आठवते. आणि पुन्हा सगळा गोंधळ झाला.

तो तवा आठवतो? त्याच्यावरून तरी तुला ओळखता येतं. कुणा कंपनीने साइटतर्फे आत्याबाईंना न चिकटणारा तवा भेट पाठवला, सोबत चिठ्ठी, आपलं बहुमोल मत कळवा. पत्ता क्लासचा होता म्हणून माझ्या हाती आला. मी तो रंग बघूनच भाळले होते, चार चांदण्या मनात देऊनही टाकल्या होत्या. पण नियम म्हणून तुझ्याकडे पाठवला, तुझ्या घरी माणसं जास्त. तू लिहिलंस, 'आच लागली की मधोमध फुगतो, धिरडं कडेला पळून जातं. फुकट मिळाला म्हणून दोन चांदण्या, नाहीतर एक.' त्यानंतर कुठल्याही कंपनीने आत्याबाईंना साधी चहागाळणीसुद्धा पाठवली नाही. मी चिडले होते तुझ्यावर. आणि तुझा अभिमान वाटून क्लासमध्ये सगळ्यांना दाखवतही होते. अशी तू. ही तू मला पक्की माहीत आहे. म्हणूनच पुढचं काही उमगत नाही.

मागच्या पावसाळ्यात पहिल्यांदा पाच चांदण्या आल्या. फिनेलला. 'उत्तम फिनेल. वास छान. सर्वांनी घ्यावे.' मला वाटलं, गंमत करतेयस, खाली काहीतरी खोच असेल. खाली काही नव्हतं. मग टॉर्चला पाच, मग कपड्यांच्या पावडरला पाच, मग कुठल्याशा उदबत्तीला पाच. सगळं छान, सगळं उत्तम, सर्वांनी घ्यावे. तू 'सर्वांनी घ्यावे' कधी म्हणाली होतीस? तू तर म्हणायचीस, ज्याला गरज नाही त्याने पैसे वाचवावेत. तरी मी मनाची समजूत घालत होते, की पोरगं लहान, दुकान, घर, वेळ नसेल, भराभर लिहून टाकत असेल. मग पाकिटातल्या सुकटीवर आलं. 'एकदम स्वच्छ आणि चविष्ट. घरात सर्वांना आवडली.' पाच. दिपे, तुझ्या नाकाला सुकट? आमच्या घरी आई सुकट भाजायला बसली की तू पदर नाकाला लावून थेट रस्त्यापर्यंत जायचीस आणि तिथूनच ओरडून विचारायचीस, झालं का!

तेव्हापासून मी नुसते तर्क लढवतेय. आधी वाटलं, दिवस गेले असतील, तोंडाची चव पालटली असेल. इतका आनंद झाला की संदेशला सांगूनही टाकलं. तुझी आई नाही म्हणाली. मग वाटलं, हे तू लिहीतच नाहीस, तुझी नणंद सावळी लिहीत असेल. कॉलेज सुटल्यावर ती दुकानात बसते, तू खातं उघडं ठेवून उठत असशील. मग तुझ्या आईकडून कळलं की भावजींनी दुकानात किरकोळ मालही ठेवायला घेतलाय, फिनेल, टॉर्चेस, उदबत्त्या. तेव्हा वाटलं, अच्छा, असं आहे होय! आणि मला राग आला, तुझा नाही, त्यांचा. पण तोही टिकला नाही. कारण भावजींनी जबरदस्ती केली असती तर तू चार चांदण्या दिल्या असत्यास आणि कुठेतरी कोपऱ्यात एक खिळा ठोकून ठेवला असतास. मला ओळखू येईल असा. तो मी प्रत्येक ओळीत शोधला. फिनेलच्या दोन ओळींत मी इतका अर्थ शोधलाय की परीक्षेला त्याच्या निम्माही शोधला नव्हता. सापडला नाही. मग असंही वाटतं, की तू खरंच सुखात असशील. सुखात असलेल्या माणसाला फिनेलसुद्धा उत्तम वाटत असेल. मग मी कोण त्यात मिठाचा खडा टाकणारी?

शेवटी मी एक उद्योग केला. खोटं लिहिलं. आत्याबाईंच्या नावाने, की अमुक प्लॅस्टिकच्या डब्यात तांदळाची भाकरी सकाळपासून रात्रीपर्यंत मऊ राहते, पाच चांदण्या. तसल्या डब्यात भाकरीचं काय होतं हे तुला-मला ठाऊक आहे. म्हटलं, हे वाचून दिपी गप्प बसूच शकत नाही, झोपेतून उठून येईल आणि खाली 'पण' लिहून माझी बिनपाण्याने करेल. मी रोज उघडून बघत होते. काहीच आलं नाही. तिकडून कुणीतरी आलं होतं एवढं मात्र नक्की, कारण मधल्या दिवसांत दोन नव्या वस्तूंना पाच-पाच चांदण्या पडल्या होत्या. म्हणजे जी कोणी येत होती तिने ते वाचलं आणि तशीच पुढे गेली. मी तो डबा नंतर पुसून टाकला. आपल्या कायद्यात पुसणं बसत नाही, पण कुणी खरंच विकत घेतला असता तर?

हे सगळं मी बहुतेक अजून कितीतरी दिवस मनातच घोळवत राहिले असते. पण शुक्रवारी शहापूरच्या बाजारात तुझी आई भेटली. ओली हळद घेत होती. मी आपलं सहज विचारलं, दिपी काय म्हणते? तिने हळद तशीच पाटीत ठेवली आणि मला हाताला धरून रसवंतीच्या सावलीत नेलं. म्हणाली, "नमे, माझा जीव लागत नाय गो. फोन केला का म्हनते सगला चांगला हाय. पयली कशी सासूच्या घोरन्यावर निस्ती बडबडायची, पान्याचा नल लांब हाय म्हनून कुरकुरायची. पोरगी माहेरा येऊन सासरच्या चार चुगल्या करते ना, तवा मी रातीला झोपते. सगला चांगला, सगला चांगला करीत बसली का मना घास जात नाय." तुझ्या आईने 'वापरून पाहिलं' हे नावसुद्धा कधी ऐकलेलं नाही. ती तिच्या फोनवरच्या दिपीबद्दल बोलत होती आणि मला वाटलं, ही माझ्या मागे उभी राहून पावसाळ्यापासून स्क्रीन वाचतेय. आपल्याकडे लेक पहिल्या सणाला येते तेव्हा आयांचे कान कसे तिच्या तक्रारींकडे लागलेले असतात, ते मी लहानपणापासून बघितलंय. माझीही आई तशीच. मी पहिल्या दिवाळीला येऊन संदेशच्या आईच्या खारट आमटीबद्दल तासभर बोलले, तेव्हा कुठे तिने फराळाचं ताट पुढे केलं. आणि तुझ्या त्या पाच-पाच चांदण्यांचा एवढा साधा अर्थ मला सुचू नये? का सुचत होता, आणि मीच त्याला टॉर्च आणि उदबत्ती म्हणून बाजूला सारत होते? ते काही मला अजून नक्की सांगता येत नाही.

आणि आताही मला नक्की काहीच माहीत नाही. तुझं काय बिनसलंय, कुणाशी बिनसलंय, की काहीच बिनसलेलं नाही आणि मी आणि तुझी आई मिळून उगाच पाण्यात काठी मारतोय. पण त्या पुण्याच्या बाईला मी काल उत्तर लिहून टाकलं. लिहिलं, की आत्याबाई विकल्या गेल्या नाहीत, आत्याबाई नावाची कुणी बाईच नाही, आम्ही दोघी आहोत, एक आसनगावची, एक मुरबाडची. तिचं लगेच उत्तर आलं. आवडलं म्हणाली तिला, पण नियमात बसत नाही. दोघींपैकी एकीने खातं ठेवावं, पासवर्ड बदलून घ्यावा, जुने अभिप्राय आणि सोन्याचं पेन तसंच राहील. एकीने! मी तास दीड तास त्या पासवर्डच्या चौकटीसमोर बसले. बदलला असता तर आत्याबाई माझ्या झाल्या असत्या, लोकांचा विश्वासही परत आला असता. आणि तू दुकानातून दार ठोठावलं असतंस तर ते उघडलं नसतं. मग मी विचारही केला, तसंच राहू द्यावं, तुला तेवढी एक खिडकी तरी राहील. पण ती खिडकी असेल तोवर तू आत्याबाईंना सांगत राहशील की सगळं उत्तम आहे, आणि मी आत्याबाईंनाच विचारत राहीन की खरं का. इतकी वर्षं आपण एकमेकींशी बोललो ते कुकर आणि पाळण्याआडून. ते तेव्हा पुरायचं. आता पुरत नाही.

म्हणून मी आत्याबाईंना बंद केलं, दिपे. सगळे अभिप्राय गेले, सांगलीच्या बाईसकट. तुला न विचारता केलं आणि तू दुकानात बसून उघडायला जाशील तेव्हा तिथे काही नसेल, ते तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. 'का लिहीत राहिलात' याला मी शेवटी एवढंच लिहिलं की पलीकडे एक जण वाचत होती, ती वाचते की नाही हे आता कळेनासं झालंय. येत्या रविवारी मी तुमच्या मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेला येतेय. संदेश त्याच्या मामाची जीप घेतोय. तुझ्या सासूबाईंना तसं सांग, नमीला घोंगडी घ्यायचीय, सोबत कुणी हवं म्हणून. मी घरात बसणार नाही, चहाही घेणार नाही. घरात विचारलं की तू चांगलंच सांगणार. पोराला कडेवर घे आणि माझ्याबरोबर चल. जत्रेत इतका कालवा असतो की शेजारच्यालाही ऐकू जात नाही. मी तुला 'बरी आहेस का' असं विचारणार नाही. काय वाईट आहे तेवढंच विचारेन, आणि एक तरी गोष्ट सांगेपर्यंत तुला घेऊन चालत राहीन. ती ऐकून परत जावंसं वाटलं नाही, तर जीपमध्ये तुझी आणि पोराची जागा आहे, आणि आमच्याकडे किती दिवस ते कुणी मोजणार नाही, हे मी संदेशशी बोलून लिहितेय. आणि मी साफ चुकले असेन, तू खरंच सुखात असशील आणि मी तुझे इतक्या वर्षांचे कष्ट एका रात्रीत पुसून टाकले असतील, तर भर जत्रेत मला शिव्या दे. पहिल्यासारख्या, आवाज चढवून. तेवढ्या ऐकल्या की मी घोंगडी न घेताच घरी जाईन आणि निवांत झोपेन.

तुझीच,
नमी